पहिल्या गाडीच्या पुढे चालणारा माणूस

भुतंखेतं मी मानत नाही. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा, श्राद्ध नाही, पिंड नाही. तरी लिहितोय... कारण यातला लाजेचा भाग माझा आहे, आणि त्यात भुताटकीचं काहीच नाही.

सिन्नरला एका खोलीत आम्ही पाच जण. आई विड्या वळायची. आप्पा – माझे वडील – सातवी पास. हिमालयात बारालाचा खिंडीत बर्फ काढणाऱ्या डोझरवर ऑपरेटर. सोळा हजार फुटांवरची ती खिंड हिवाळाभर बंद. ती उघडेपर्यंत मनालीकडून लेहला ट्रक नाही, डिझेल नाही, भाजी नाही. आणि आमच्याकडे आप्पांचं पत्र नाही.

रस्ता उघडला की पहिल्या ट्रकच्या पुढे आप्पा स्वतः पायी चालायचे, डावा पाय जरा ओढत, बांबूने कडेचा बर्फ टोचत. "रस्ता कुठे संपतो ते गाडीला कळत नाही, बांबूला कळतं," म्हणायचे. बर्फाची उंची रोज वहीत लिहायचे.

घराण्यात कॉलेजला गेलेला मी पहिला. जर्मनीत कार्ल्सरूहेला डॉक्टरेटला आलो. विषय – डोंगरी रस्त्यांवरचा बर्फ. आप्पा वारल्यावर त्यांच्या वह्या इकडे आणल्या. तोच माझा सगळा डेटा. आणि प्रबंधात मी काय लिहिलं? 'एका साइट इंजिनिअरच्या नोंदी.' ऑपरेटर लिहिलं तर कोण विश्वास ठेवेल, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कँटीनमध्ये बाकीच्यांचे वडील डॉक्टर, प्रोफेसर... मला माझे सांगायचे नव्हते.

फेब्रुवारीत भर दुपारी प्रोफेसरबाईंबरोबर ब्लॅक फॉरेस्टच्या वरच्या रस्त्याने बर्फ मोजायचे सेन्सर बघायला निघालो. गाडी त्या चालवत होत्या.

"तुमचे ते इंजिनिअर... एका दिवसाचा खंड नाही हो! एकदा व्हिडिओ कॉल लावून द्या ना."

"रिटायर झालेत. संपर्क नाही," मी म्हणालो.

आणि धुकं आलं. त्यात बर्फ. समोरचं काही दिसेना. बाई अगदी सावकाश चालवू लागल्या.

"अरे... हा कोण वेडा?"

पुढे एक माणूस चालत होता. पाठमोरा. दर पावलाला लांब काठीने उजवीकडचा बर्फ टोचत. डावा पाय ओढत.

"रस्ता माहितीये वाटतं याला. जाऊ या मागे."

दहा मिनिटं गेलो. मग मागे न बघताच त्याने काठी आडवी धरली. बाईंनी ब्रेक दाबला. माझ्या तोंडून निघालं, "आप्पा!"

धुकं विरलं. रस्ता डावीकडे वळत होता. आमची चाकं सरळ, उतारापासून हातभर. माणूस नव्हता. उतरून पाहिलं – पावलांचा ठसा नाही. फक्त कडेकडेने, पावला-पावलावर, गोल भोकं.

"बर्फात रस्त्याची कड दाखवायला खांब रोवतात, त्यांची असतील," बाई म्हणाल्या. मग हळूच, "पण खांब इतके जवळ नसतात." माझ्याकडे वळल्या. "तुम्ही हाक मारलीत. ओळखता त्याला?"

"नाही. कोणी नाही."

कोणी नाही! हे मी बोललो, त्या उतारावर उभा राहून.

आईला फोन केला. "मेलेलं माणूस येत नसतं रे," ती म्हणाली. "पण तू त्यांना इंजिनिअर केलंस? का? डोझर चालवला म्हणून शिकलास ना तू? लाज कसली वाटली तुला, ते तर सांग."



सोमवारी बाईंना सगळं सांगितलं.

"हे गंभीर आहे," म्हणाल्या. "प्रकरण नव्याने लिहा. सगळ्या वह्या मला दाखवा. वर्ष लागलं तरी चालेल." मी दारापर्यंत पोचलो तेव्हा, "आणि मला कोण दिसलं, ते त्यात घालू नका."

रस्त्यांच्या कचेरीत विचारलं होतं. त्या दुपारी त्यांचा कोणीही तिथे नव्हता. याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

वर्ष लागलं. गेल्या उन्हाळ्यात मला डॉक्टरेट मिळाली. तिसऱ्या प्रकरणात आता आप्पांचं पूर्ण नाव आहे, आणि पुढे – डोझर ऑपरेटर, बारालाचा खिंड, लेखकाचे वडील.