मॅग्नेशियमचा पांढरा जाळ

लेकीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात काल बाईंनी मॅग्नेशियमची फीत पेटवली. तो पांढरा उजेड पाहून माझ्या छातीत धस्स झालं.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कारेगावच्या कारखान्यात लागून मला आठच दिवस झाले होते. गाड्यांचे हलके भाग कापताना मशीनखाली साठलेला मॅग्नेशियमचा कीस अचानक पेटला. शेजारच्या विभागातले मामा पाण्याची बादली घेऊन धावले.

"मामा, पाणी नको! भडका उडंल! कोरडी वाळू टाका!" मी किंचाळले.

ते थबकले. "नक्की का, पोरी?"

"व्हय! पहिल्याच दिवशी शिकवलंय!" म्हणाले खरी, पण मनात आलं, मी चुकत असले तर?

मामांनी बादली खाली ठेवून कोरडी वाळू ओतली. वाळूखाली जाळ हळूहळू विझला.

तेव्हा वाटलं, मीच सगळ्यांना वाचवलं. आज मामांच्या वयाला टेकल्यावर कळतं, नवख्या पोरीचं ऐकायला त्यांना किती धीर लागला असेल.