हळू आवाजातलं इंग्रजी

लोअर परळच्या ज्या ऑफिसात मी पँट्रीत चहा-कॉफी बघायचे, तिथलं कंत्राट नव्या माणसांकडे गेलं. नवा साहेब म्हणाला, महिनाअखेरीला प्रत्येकीची इंग्रजीत मुलाखत. जमलं तर राहा, नाहीतर दुसरीकडे बघा. दुसरीकडे काय बघणार, कपाळ? बेचाळिसाव्या वर्षी मला कोण दारात उभं करतंय?

भाचीने मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं. त्यातली बाई वाक्य म्हणायची, आपण ते म्हणायचं, बरोबर आलं की हिरवी खूण. पण म्हणायचं कुठे? घोडपदेवला आमची चाळीतली एक खोली. हे कॉटन ग्रीनला गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन, मी दुपारी घरी यायचे तेव्हा गाढ झोपलेले. गॅलरीत एकदा म्हणून पाहिलं, तर शेजारणी आठवडाभर मला ‘मॅडम’ म्हणून हाक मारत होत्या. दार लावावं तर दिवसाढवळ्या दार का लावलं, भांडण झालं की कोण आजारी, विचारायला चार जणी हजर.

मग मी ओट्याच्या कोपऱ्यात बसून, फोन तोंडाला लावून कुजबुजायचे. ‘हाऊ मे आय हेल्प यू?’ हिरवं. ‘वुड यू लाइक शुगर?’ हिरवं. मेल्या ॲपला ते बरोब्बर कळायचं. एक दिवस चुकवला नाही मी. वाटलं, आलं आपल्याला.

मुलाखतीत प्रश्न कळला. उत्तर पाठ होतं. पण आवाज निघाला तो तेवढाच, फोनपुरता. समोरच्या बाई म्हणाल्या, "लाउडर प्लीज." मी जोर लावला तर शब्दच फुटेना. मराठीत मी अख्खा मजला हलवते हो! पण इंग्रजी मोठ्याने मी कधी बोललेच नव्हते. तिसऱ्यांदा ‘लाउडर’ म्हणून त्यांनी कागदावर रेघ मारली. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

घरी येऊन मी पिशवी मुद्दाम भांड्यांवर आपटली. हे उठून बसले. नोकरी गेली म्हणून सांगितलं, आणि इतके दिवस तुमची झोप मोडू नये म्हणून कशी कुजबुजत होते तेही सगळं ओकले. वाटलं, आता चिडतील.

यांनी चादर बाजूला सारली.

"झोपलेलो नसायचो गो मी," हे म्हणाले. "रोज ऐकायचो. हललो तर तू गप्प होशील म्हणून तसाच पडून राहायचो."