हडप्पा सरांचा चहा

हडप्पा सरांच्या हातात चहाचा कप दिला की आम्ही सगळे शिक्षक दोन पावलं मागे सरकत असू. कुठलंही भांडं हाती आलं की आधी ते उलटं करून तळ बघायचा, ही त्यांची जन्माची खोड. भांड्यात काही आहे का, हा विचार नंतर. "भांडं तोंडावर खोटं बोलते, बुडाशी खरं," असं म्हणत त्यांनी आमच्या शाळेत बदलून आल्याच्या पहिल्याच दिवशी भरलेला कप तिरपा केला. मुख्याध्यापकांच्या पांढऱ्या पँटवर जो नकाशा उमटला, तो कुठल्याही भूगोलाच्या पुस्तकात नव्हता.

त्यांचं खरं आडनाव मस्टरवर सही करण्यापुरतं. फुलसावंगीच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. पुसदला त्यांच्या अब्बांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, आणि चिरंजीव रोज स्कूटरवर पायाशी मातीचं पोतं घेऊन यायचे. "अब्बा म्हणतात, मी घरचेच गिऱ्हाईक तोडून राह्यलो," हे ते अभिमानाने सांगत.

चौथीच्या भिंतीवर त्यांनी हडप्पाच्या रांजणांची चित्रं लावली आणि मुलांना खाली चिखलात बसवलं. पहिल्या वर्षी आमच्या काळ्या मातीने इंगा दाखवला. भांडी वाळली तशी तडकली, चाळीस भांड्यांचे दोनशे तुकडे. मुलं रडकुंडीला आली आणि सर खूश!

"अबे, रडता कायले? हडप्पावाल्यायचेही असेच सापडले. त्यायले हजारो वर्षं लागले, तुमचं दोन दिवसात झालं!"

पुढे मातीत राख आणि रेती मिसळू लागली आणि भांडी टिकू लागली. मी गणिताचा मास्तर. मीही एक सुरई करून पाहिली. सरांनी ती उलटसुलट फिरवली. "गुरुजी, हे हडप्पाचं नाही वाटत. भूकंपाचं वाटते."

त्यांचा एकच नियम होता. भांड्यावर नाव लिहायचं नाही. ओल्या तळाला अंगठा दाबायचा, झाली ओळख. "तेव्हाचा कुंभार कुठं सही करत होता? बोट ठेवलं अन् गेला." हाच नियम एके दिवशी अंगाशी आला.

तांड्यावरच्या सोनलने घरी जाऊन कौतुकाने सांगितलं, की आज शाळेत अंगठा मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात धरून तिचे आजोबा थेट ऑफिसात. डोक्याला लाल पागोटं, आवाज छपराला भिडलेला.

"मास्तर, म्या सारी जिनगी अंगठा मारला. बँकेत अंगठा, तहसिलीत अंगठा. नातीले शाळेत टाकलं ते सही शिकाले. अन् तुमी तिले अंगठा मारा लावता? काढा दाखला!"

सोनल रडू लागली. मुख्याध्यापक सरांकडे वळले. "ऐकलंत? मुलगी चालली शाळेतून. आजपासून हा चिखल बंद."

मला वाटलं, आता सर इतिहास सांगणार. पण त्यांनी बाहेर जाऊन ओल्या मातीचा गोळा आणला आणि आजोबांपुढे धरला. "बाबा, एक डाव दाबून पाहा."

"मी नाई दाबत! कायच्यावर दाबून घेऊन राह्यले?"

"कागद नाही बाबा, माती आहे."

आजोबांचा विश्वास बसेना. त्यांनी नातीला पुढे केलं. "पाह्य वं, काही लिहेल तं नाई?"

सोनलने डोळे पुसले, गोळा चारी बाजूंनी फिरवून तपासला आणि निकाल दिला, "कोरा आहे, आजा."

तेव्हा कुठे आजोबांनी अंगठा दाबला, आणि उमटलेल्या खड्ड्याकडे बघतच राहिले. "राशनच्या मशीनले माहा अंगठा पटत नाई. धुऊन लावला, पुसून लावला, तरी नाई म्हणते. रेघाच घासल्या म्हणे. अन् इथं एका खेपेत?"

"मशीनले रेघा लागतात बाबा. मातीले नुसता जोर लागते."

मग सरांनी स्वतःचा नियम मोडला. खराट्याची काडी सोनलच्या हाती दिली. तिने आजोबांच्या अंगठ्याशेजारी आधी त्यांचं नाव कोरलं, मग आपलं. आजोबांनी नातीची अक्षरं न दुखावता, कडेकडेने बोट फिरवून पाहिली.

"हे पक्कं भाजा, मास्तर," ते म्हणाले. दाखल्याचं नाव पुन्हा निघालं नाही. त्या दिवसापासून आमच्या शाळेतल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला अंगठाही असतो आणि नावही.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापक मुद्दाम काळी पँट घालून आले होते. चहा आला. सवयीने आम्ही दोन पावलं मागे सरकलो. सरांनी कप घेतला, गुपचूप चहा संपवला आणि कप सरळ बशीत ठेवला. तळ पाहिला नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापकांनी स्वतःचा काठोकाठ भरलेला कप उचलला, सगळ्यांसमोर उलटा केला आणि चष्मा वर सारून तळ निरखला.

"सर," ते गंभीरपणे म्हणाले, "यावर अंगठा नाही हो कुणाचा."

सर आधी हसले, मग रुमाल शोधू लागले. चहा काळ्या पँटवरून बुटात उतरत होता, आणि आमच्यातलं कुणीही मागे सरकलं नाही.