दावा सरकारी

केंद्राच्या नोंदवहीत फातुमाबाईंच्या नावापुढे लाल शाईत लिहिलं होतं : 'सरकारविरुद्ध दावा दाखल करण्याच्या तयारीत.'

खाली तारीखवार नोंदी होत्या. सकाळचा चहा नाकारला, निषेध. दुपारचा चहा नाकारला, निषेध. वारंवार पाणी मागते. वारंवार स्वच्छतागृहात जाते, पळून जाण्याचा संशय, जादा पहारा लावला.

मी महिला व बालविकास खात्यातून अलीकडेच रिटायर झाले. ही गोष्ट नोकरीच्या शेवटच्या वर्षातली. नांदेड-लातूर रस्त्यावर एका जुन्या सरकारी वसतिगृहात परदेशी नागरिकांसाठी केंद्र होतं. जागेचं नाव सांगत नाही, कारण त्यात काम करणारी माणसं वाईट नव्हती. ज्यांचा व्हिसा संपलाय किंवा ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांना मायदेशी पाठवेपर्यंत तिथं ठेवत. हा तुरुंग नाही. तिथल्या माणसाला शिक्षा झालेली नसते, फक्त कागदपत्रं यायची असतात. म्हणूनच अशा केंद्रांना सरकारने किमान मानकं ठरवून दिली आहेत : जेवण, पाणी, अंथरूण, औषधोपचार, तक्रार करायची सोय. ती पाळली जातात का, हे बघायला समिती येते. समितीत एक बाई लागते. ती मी होते.

आमचे अध्यक्ष उपजिल्हाधिकारी होते. माणूस सज्जन, पण घड्याळावर चालणारा. दुपारी त्यांना माहूरला दुसरी बैठक होती. त्यामुळे सगळं भराभर चाललं होतं. माझ्या हातात चाळीस प्रश्नांचा फॉर्म, आणि मी टिक करत चाललेले. पंखे चालू? होय. प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय तपासणी? होय. दुभाषा उपलब्ध? होय. भिंतीवर तीन दुभाष्यांची नावं लावलेली होती, ती बघून मी टिक केली. ते तिघं कोणत्या भाषेचे, हे मी विचारलं नाही. ही माझी चूक, आणि ती आधीच सांगून टाकलेली बरी.

फातुमाबाईंच्या नोंदी वाचून मात्र मी थबकले. चहा नाकारून सरकारचा निषेध करणारी बाई मला बघायचीच होती.

मी लिपिक देशमान्यांना विचारलं. ते साताऱ्याहून बदलून आलेले, अक्षर मोत्यासारखं, फाईल कधी रखडू न देणारे. त्यांनी फाईलमधल्या कागदांवरून सगळं सांगितलं. बाई टांझानियाच्या. भावाला उपचारासाठी हैदराबादला घेऊन आल्या होत्या. भाऊ दगावला, व्हिसा संपला. मुंबईला निघालेल्या असताना नांदेड स्टेशनवर कागद तपासले गेले आणि त्या इथं आल्या. दूतावासाकडून ओळखीची खात्री यायची होती. त्यांना फक्त त्यांची स्वाहिली भाषा येत होती.

"मग त्या दावा करणार, हे तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"मॅडम, स्पष्ट बोलतात ना. रोज खिडकीशी येऊन एकच वाक्य. दावा या सरकारी. आम्ही दुर्लक्ष केलं नाही. त्याच दिवशी विधी सेवेला पत्र दिलं. वकील येऊन गेले, वकीलपत्रावर सही झाली. पूर्तता अहवाल फाईलला आहे."

खरोखरच होता. पत्र, जावक क्रमांक, पोच, सगळं एकाखाली एक. मानकांत लिहिलंय की तक्रारीवर तीन दिवसांत कार्यवाही व्हावी. इथं एका दिवसात झाली होती. एवढी चोख फाईल मी पस्तीस वर्षांत क्वचित बघितली, आणि मला तिचं कौतुकही वाटलं.

महिला विभागात गेले तर बाई पलंगावर भिंतीला टेकून बसलेल्या. वय पन्नाशीच्या पुढचं. ओठ कोरडे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. पहाऱ्यावरची शिपाई सुनीता म्हणाली की दोन दिवसांपासून त्या उठतही नाहीत, बहुतेक उपोषणाची तयारी असावी. मी पलंगाशेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम आणि खरखरीत होता. हळू आवाजात त्यांनी तेच वाक्य म्हटलं. मला खोटं सांगता येणार नाही, मलाही 'दावा'च ऐकू आलं. एकदा कागदावर वाचलं की कानही तेच ऐकतात.

तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. स्वयंपाकीण रझियाआपा ताटं न्यायला आल्या होत्या. त्या उदगीरच्या. मी जळकोटची, म्हणजे आम्ही शेजारच्या तालुक्यातल्या. ते कळल्यापासून त्या माझ्याशी जरा मोकळ्या बोलत होत्या.

"मॅडम, रागावू नका. ती कोर्टाचं न्हाई बोलत. दवा म्हणून राहिली. दवा."

"दवा?"

"हाव. अन् सरकारी न्हाई, सुकारी. शक्करची दवा. माझ्या सासूला बी शक्करची बीमारी हाय. अशीच पाणी पाणी करते, अशीच पडून राहते. लई दिवसांपासून बघून राहिले मी."

आमच्या भागात निम्मं बोलणं निजामाच्या वेळचं, उर्दू वळणाचं. गोळीला माझे वडील आयुष्यभर दवाच म्हणाले. आणि मी एवढी शिकलेली, समितीची सदस्य, पलंगावर बसून 'दावा' ऐकत होते. मला स्वतःची लाज वाटली.

आपा, तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही का, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं होतं. देशमाने त्यांना म्हणाले होते की तुम्ही भाकरीचं बघा. तेव्हापासून त्या भाकरीचंच बघत होत्या. फक्त बाईंसाठी चहा वेगळा, बिनसाखरेचा करून बघायच्या. तो त्या प्यायच्या. त्याची नोंद कुठंच नव्हती, कारण नोंद फक्त नाकारलेल्या चहाची व्हायची.

बाईंची पिशवी प्रवेशाच्या दिवशी सील करून कोठीत ठेवली होती. मी ती काढायला लावली. देशमाने म्हणाले, पंचनाम्याशिवाय सील तोडता येत नाही. मी म्हटलं, पंच म्हणून मी आणि आपा सही करतो, तुम्ही लिहायला घ्या. त्यांनी लिहायला घेतलं. पिशवीत दोन लुगडीवजा कापडं, भावाचा फोटो आणि गोळ्यांच्या तीन रिकाम्या होत आलेल्या पट्ट्या. पट्टीवरचं नाव मी ओळखलं, माझी बहीण तीच गोळी घेते.

अध्यक्षसाहेब गाडीत बसायच्या बेतात होते. मी त्यांना थांबवलं.

"मॅडम, वैद्यकीय तपासणी झालीय ना? फॉर्मवर आहे."

"झालीय, साहेब. मधुमेह या रकान्यात 'नाही' लिहिलंय. त्यांना विचारलं, 'मधुमेह है?' त्या गप्प बसल्या. गप्प म्हणजे नाही."

साहेबांनी गाडीचं दार लावलं. मग त्यांनी स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन लावला आणि माहूरची बैठक रद्द केली. त्यांच्याबद्दल मला त्या दिवसापासून आदर आहे.

नर्स वीस मिनिटांत आली. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मीटरला लावला. साखर फारच वाढली, मीटरच्या मोजण्यापलीकडे गेली, की ते मशीन आकडा दाखवत नाही. नुसती दोन इंग्रजी अक्षरं दाखवतं : एच आणि आय.

सुनीता वाकून बघत होती. "हाय? हाय म्हणजे काय, सिस्टर?"

नर्सने सांगायच्या आधी रझियाआपा म्हणाल्या, "हाय म्हणजे हाय. शक्कर हाय."

बाईंना अँब्युलन्सने नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सोबत आपाही बसल्या, कुणाला न विचारता. डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं की आणखी एक-दोन दिवस गेले असते तर बाई बेशुद्ध झाल्या असत्या, पुढचं सांगता आलं नसतं. मी फोन ठेवला आणि गाडीतच रडले.

आठवड्याभराने भेटायला गेले तेव्हा त्या उठून बसल्या होत्या. मला बघून हसल्या आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाल्या, या वेळी गोळी हातात धरून. स्वाहिलीतही औषधाला दवाच म्हणतात, हे तोवर मला कळलं होतं. कागदं यायला पुढे बरेच महिने लागले. पण त्या आपल्या पायांनी चालत विमानात बसल्या.

अहवाल लिहायची वेळ आली. फाईलमध्ये एकही त्रुटी सापडत नव्हती. प्रत्येक पत्राला उत्तर होतं, प्रत्येक रकाना भरलेला होता. शेवटी आम्ही एकच शिफारस केली : भाषा समजत नसेल तर माणूस जे बोलेल ते जसंच्या तसं, कानाला ऐकू येईल तसं लिहावं, अर्थ लावू नये, आणि मग ते केंद्रातल्या प्रत्येकाला वाचून दाखवावं. प्रत्येकाला म्हणजे स्वयंपाकघरालाही. देशमान्यांनी ती सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावली. नंतर ते आपांकडे जाऊन बराच वेळ उभे राहिले. काय बोलले मला माहीत नाही. चहा घेऊन परत आले.

सहीसाठी फाईल साहेबांकडे गेली तेव्हा ते एका जागी अडले. फातुमाबाईंचा दुरुस्त केलेला आरोग्य फॉर्म होता. मधुमेह या रकान्यातलं 'नाही' सुनीताने खोडलं होतं आणि वर निळ्या शाईत लिहिलं होतं : हाय.

"मॅडम, सरकारी फॉर्मवर 'हाय'? निदान 'आहे' तरी लिहायला सांगा."

मी म्हटलं, "साहेब, मीटरवर दिसलं तसं लिहिलंय. आपणच शिफारस केलीय, अर्थ लावायचा नाही."

साहेबांनी सही केली.