अमावास्येच्या गोळ्या

डिसेंबरात चार दिवस रजा जमली आणि पोलादपूरला शिक्षिका असलेल्या माझ्या मैत्रिणीने, सुनंदाने, फर्मान सोडलं, "या वेळी डोंगरावरचं कुडपण बघितल्याशिवाय परत पाठवणार नाही!" दादाला येतोस का विचारलं. तो नेहमीसारखा नको म्हणाला. मग एकटीच निघाले.

पुण्याहून महाडची एसटी वरंधा घाटातून जाते. पोट नाजूक असेल तर निघताना फक्त चहा घ्या. महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर जरा टेकले आणि संध्याकाळी पोलादपूर गाठलं. दुसऱ्या दिवशी सुनंदासोबत पायथ्यापर्यंत जीप, पुढे चढण. माझे गुडघे कुरकुरले, पण पठारावरचा वारा लागला आणि कुरकुर थांबली. चारही बाजूंना डोंगर, मधे कापणी झालेली शेतं आणि चरणाऱ्या म्हशी.

मुक्काम धनगरवाडीत, सुनंदाच्या ओळखीच्या सगुणामावशींकडे. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि घट्ट ताक. पैसे घेत नाहीत, तेव्हा चहापूड-साखर घेऊन जा. त्यांचा मुलगा लक्षुमण मुंबईत हॉटेलात कामाला होता. कानात आवाज यायला लागले म्हणून गावी परतला. जेवता जेवता तो उठला आणि भिंतीशी पुटपुटत राहिला. मावशींनी त्याची भाकरी झाकून ठेवली.

फळीवर गोळ्यांचं पाकीट दिसलं. मी ते लगेच ओळखलं.

"मावशी, या गोळ्या रोज देता ना?"

"रोज कशाला गो बाय? अमावास्येला देते. तवाच त्याचं वाढतं. एरवी गप असतो, तर उगा का द्यायची?"

"डॉक्टरांनी विचारलं नाही?"

"इचारतात ना, गोळी देता का. देते म्हनून सांगते. खोटं नाय बोलत."

मनोविकारांचे डॉक्टर महाडला बाहेरून येतात, महिन्यातून एकदाच. लक्षुमणला डोंगर उतरवून, जीप-एसटीत सांभाळून तिथे न्यायचं आणि दोन शब्द बोलून परत यायचं. आम्हाला पुण्यात डॉक्टर दोन गल्ल्या सोडून. मला मावशींचा नाही, या अंतराचा राग आला.

"माझा दादा याच गोळ्या घेतो. रोज," मी म्हटलं.

"रोज? मंग बरा हाय का तो?"

"बँकेत जातो."

मावशींनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. "अमावास्येला बी जातो?"

"अमावास्येलाही."

त्यांनी लक्षुमणकडे पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. डॉक्टरांच्या पुढच्या तारखेला सुनंदाने सोबत जायचं ठरलं. "अमावास्येलाच देते हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा," मी बजावलं. "रागावतील," मावशी म्हणाल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

घरी आल्यावर दादाला सगळं सांगितलं. आपल्या आजाराविषयी कुणाकडे बोललेलं त्याला खपत नाही, म्हणून जरा धाकधूक होती. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

पुढे सुनंदाचा फोन आला. डॉक्टर रागावले नाहीत. गोळ्या आता रोज चालू आहेत, गुण यायला वेळ लागेल. कुडपणचा वारा माझ्या अंगातून अजून गेलेला नाही, पण मनात ठाण मांडून बसली आहे ती झाकलेली भाकरी.

परवा दादा सर्दीने बेजार होता. मी म्हटलं, "रजा टाक आज."

त्याने रोजची गोळी घेतली आणि डबा उचलला.

"आज नको गं. आज अमावास्या आहे. मावशी विचारतील."