पिकअपखाली ऐकू आलेली हाक

भुताखेतांच्या गोष्टी मी जन्मभर भांडी घासता घासता ऐकल्या आणि खरकट्या पाण्याबरोबरच सोडून दिल्या, हे आधीच सांगते. या सदरातले अनुभवसुद्धा मी आवडीने वाचते, पण वाचून झालं की मनात म्हणते — बिचाऱ्याचं पोट बिघडलं असेल, दुसरं काय! तेव्हा आज स्वतःच लिहायला बसले आहे तर जरा लाजल्यासारखं होतंय. पण आमचे हे आता थकले, माझ्या बहिणीलाही कालचं आज आठवत नाही... आम्हाला तिघांना ते जुनं अजून नीट आठवतंय तोवर कागदावर उतरलेलं बरं.

आमचं घर रत्नागिरीत, मांडवीच्या वरच्या अंगाला. गच्चीत गेलं की समुद्र दिसतो, आणि नाही गेलं तरी तो घरात येतोच — खिडकीच्या गजांवर, सायकलच्या चेनवर, माझ्या शिलाई मशीनच्या चाकावर. खाऱ्या वाऱ्यात लोखंड म्हणजे उन्हात ठेवलेलं लोणी. आणि अशा गावात आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यावर हौस धरली ती कसली, तर जुन्या गाड्यांची!

बँकेत कारकुनी केलेला माणूस. हाताला कधी शाईशिवाय काही लागलेलं नाही. पण लहानपणी ह्यांच्या गावात आंब्याच्या पेट्या न्यायला एक गोल दिव्यांची पिकअप यायची, ती डोळ्यांत बसलेली. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, आणि बॉनेट असं फुगलेलं की गाल फुगवून रुसलेली बाई! तशीच एक गाडी खेडजवळ एका लाकडाच्या वखारीमागे पडलेली आहे असं ह्यांना कळलं. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. बॉनेटमधून गुळवेल वर आलेली, हौद्यात कोंबडीने अंडी घातलेली. हे बघून आले ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग एका ट्रकवर घालून ती घरी आली. आळीतले लोक विचारायला लागले, “वैनी, भंगाराचा धंदा काढलात की काय?”

जोडीला ह्यांचे मित्र शरदभावजी. होमिओपॅथीचे डॉक्टर. सकाळी साबुदाण्याएवढ्या गोळ्या वाटायच्या आणि दुपारी आमच्याकडे येऊन ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालायचे. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खरोखर इंजिनाला लावला. म्हणाले, “तिसऱ्या सिलिंडरला दमा आहे.” मी हसून हसून पडवीत बसले. पण उघडून बघितलं तर तिसऱ्यातच बिघाड निघाला!

मी तुम्हाला काय सांगू, या दोघांचं काम बघत राहावं असं होतं. सुटा भाग कुठे मिळायचा नाही. मुंबईला जाऊन आले, कोल्हापूरला जाऊन आले, सगळीकडे नन्नाचा पाढा. मग घरीच करायचं. इंजिनाच्या सांध्यात बसवायचं गॅस्केट जाड पुठ्ठ्यातून माझ्या कात्रीने कापलं (ती कात्री नंतर कापडाला लागली नाही, जाऊ दे). दाराचं रबर जुन्या ट्यूबमधून. सडलेल्या पत्र्याला नवा पत्रा असा जोडला की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. आणि काढलेला प्रत्येक नट माझ्या जुन्या जांभळ्या साडीवर ओळीने मांडायचा — ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने. लावताना शेवटून सुरुवात करायची. त्या साडीवर कुणी पाय दिला तर हे देवघरात चप्पल घालून आल्यासारखे ओरडायचे. बघता बघता मीही शिकले. कुठला पाना कुठल्या नटाला, हे मला नुसत्या नजरेने कळायला लागलं.

एकच तक्रार. हे एकदा गाडीखाली शिरले की आम्हाला परके! त्या काळात मी नवऱ्याच्या तोंडाशी कमी आणि तळपायांशी जास्त बोलले. “अहो, चहा निवतोय!” तळपाय हलायचे. “अहो, ऐकलंत का?” खालून आवाज यायचा, “झालंच.” ते ‘झालंच’ म्हणजे चहावर साय धरून ती सुरकुतेपर्यंत.

आमच्या सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, “बाहेरून एक हाक आली तर ओ देऊ नये गो. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील. ‘ते’ एकदाच मारतं.” कोकणात बहुतेक घरांत हे सांगतात. मी शरदभावजींना म्हणायचे, “आमच्या ह्यांना त्याची भीती नाही. हे तिसाव्या हाकेलासुद्धा उठत नाहीत!”

आता जे घडलं ते.

नवरात्र नुकतं सरलं होतं. मोठं काम आटपलं होतं, आता खाली गिअरबॉक्सच्या मागचे जोड आवळायचे राहिले होते. गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या मांडवात चार बाजूंनी उचलून ठेवली होती — चिऱ्यांवर. आमच्याकडे जांभ्याचा चिरा कशाला लागत नाही? घर चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची, तुळस चिऱ्यावर, धुणं चिऱ्यावर. काही म्हणजे काही उंच करायचं झालं की रत्नागिरीचा माणूस आधी इकडेतिकडे चिरा शोधतो. कुंपणाचे उरलेले चिरे मागे रचलेले होतेच. जॅकने गाडी उचलायची, खाली चिरे सारायचे, जॅक काढून घ्यायचा. ज्याच्यावर पिढ्यान् पिढ्या घरं उभी आहेत तो दगड एक गाडी पेलणार नाही, असं कुणाच्या मनात येईल? पण घराच्या भिंतीचा भार चिऱ्यावर सपाट, सगळीकडून सारखा बसतो. लोखंडाची धार एकाच जागी रुतते, ही गोष्ट वेगळी. त्यातून मांडवाच्या पन्हळीचं पाणी अख्खा पावसाळा त्या पुढच्या चिऱ्यांवर गळत होतं. आत मऊ झालेला चिरा वरून तसाच लालबुंद, ऐटबाज दिसतो. आम्हा कुणालाच ते सुचलं नाही.

दोघांचा नियम होता, एक खाली तर दुसरा बाहेर. पण त्या दिवशी शरदभावजींकडे पेशंट जास्त होते, आणि ह्यांना कुठला धीर. आणि मी? मी रत्नागिरीतच नव्हते.

माझी धाकटी बहीण मंदा संगमेश्वरला असते. तिचा पाय मुरगळला होता म्हणून सकाळच्या एसटीने मी तिच्याकडे गेले. ह्यांना सांगून, आमटीभात झाकून ठेवून. जेवणं झाली, आवराआवर झाली, मंदा पलंगावर आणि मी खाली चटईवर अशा आडव्या झालो. मंदाचे यजमान ओटीवर झोपाळ्यात घोरत होते. मला कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली ती मंदा मला हलवून हसत होती तेव्हा.

“अगो अक्का, केवढ्याने ओरडलीस! कुणावर एवढा राग?”

“मी? काय म्हटलं मी?”

“‘उठा आधी!’ म्हणून ओरडलीस. असं काही दटावलंस की बाहेर हे झोपाळ्यातून धडपडून उभे राहिले. मला विचारतात, कोण आलंय?”

तेवढ्यात तिचे यजमान दारात. केस विस्कटलेले, धोतराचा सोगा हातात. “अक्का, उठलो हो! आता काय करू ते सांगा.” आम्ही तिघंही पोट धरून हसलो. स्वप्न पडलं होतं का, तर नाही. मला काहीसुद्धा आठवत नव्हतं. आणि खरं सांगते, ‘उठा आधी’ हे माझे शब्दच नव्हेत. मी ह्यांना असं दरडावून आयुष्यात बोललेले नाही. माझं आपलं चहा निवतोय, आमटी निवत्येय, सगळं निवण्यावरच.

संध्याकाळच्या गाडीने घरी आले. फाटकातूनच दिसलं — हे पायरीवर बसलेले, शेजारी शरदभावजी. आणि मांडवात गाडी पुढच्या गुडघ्यांवर बसल्यासारखी वाकलेली. खाली लाल भुगा.

मला बघून हे उभे राहिले. “तू कुठे होतीस?”

“मंदाकडे. सांगून नव्हते का गेले?”

“मध्ये घरी आली नव्हतीस?”

“संगमेश्वराहून मध्ये कशी येऊ? उडत?”

ह्यांनी भावजींकडे बघितलं. भावजी म्हणाले, “वहिनी, आधी बसा तुम्ही.”

मग हळूहळू सगळं कळलं. हे खाली गोणपाटावर पाठ टेकून बोल्ट आवळत होते. एक राहिला होता, शेवटचा. तर डोक्याशी, अगदी बॉनेटच्या बाजूने, माझा आवाज आला. एकदाच. हे म्हणाले, “मला एवढं आश्चर्य वाटलं की मी पाना तिथेच टाकला नि सरकत बाहेर आलो. म्हटलं, ही एवढी चिडली आहे म्हणजे घरात काहीतरी झालं. स्वयंपाकघरात गेलो तर कुणी नाही. चूल थंड. तुला हाक मारतोय तोच बाहेर धप्प झालं. फार मोठा आवाजही नाही... नारळाचं पोतं पडावं तसा.”

दोन्ही पुढचे चिरे बिस्किटासारखे फुटले होते. टाकलेला पाना गिअरबॉक्सखाली असा दाबला गेला होता की गाडी पुन्हा उचलल्याशिवाय निघेना. तो पाना जिथे होता तिथे घटकाभरापूर्वी ह्यांची छाती होती.

मी विचारलं, “मी काय म्हटलं?”

“म्हणजे?”

“हाकेत. शब्द काय होते?”

“‘उठा आधी!’” हे म्हणाले. “तू असं कधी बोलत नाहीस, म्हणूनच तर उठलो. चहा निवतोय म्हणाली असतीस तर तो बोल्ट आवळूनच आलो असतो.”

मी आत जाऊन मंदाला फोन लावला आणि तो ह्यांच्या हातात दिला. “दुपारी काय झालं ते सांग ग ह्यांना,” एवढंच म्हटलं. ती बिचारी हसत हसत सांगायला लागली, नवऱ्याची झोपाळ्यावरची फजिती वगैरे. हे ऐकत होते. ऐकता ऐकता भिंतीला टेकून खाली बसले.

शरदभावजी विज्ञानाचे भोक्ते. ते म्हणाले, चिरा फुटण्याआधी करकरला असेल. कानाने ते ऐकलं, मेंदूने त्याचा अर्थ लावला, आणि नवऱ्याच्या मेंदूत धोक्याचा आवाज म्हणजे बायकोचाच! मला ते पटलंसुद्धा. अजूनही अर्धं पटतं. पण मी त्यांना विचारलं, “भावजी, मग तो चिरा संगमेश्वरात मंदाच्या यजमानांना कसा ऐकू गेला?” दोन्ही गोष्टी एकाच क्षणी झाल्या का, ते मी छातीठोक सांगणार नाही. घड्याळ इकडेही कुणी बघितलं नव्हतं, तिकडेही. दोन्हीकडे दुपार होती, चहाच्या आधीची, एवढंच.

त्यानंतर ह्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली. मांडवाकडे बघेनात. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा तोच पेपर. हात स्वच्छ झाले, नखांतलं काळं गेलं, आणि माणूस मात्र कोमेजला. कुणी विचारलं तर म्हणायचे, “वय झालं आता.” मला वाटलं, गाडीखालून वाचलेला माणूस मी ताडपत्रीखाली घालवणार की काय! एके दिवशी मीच ताडपत्री ओढली. जांभळी साडी झटकून अंथरली, आणि म्हटलं, “गाडी टेकवायला लोखंडी घोडी करून आणा चार. चांगली भक्कम. आणि मी इथे स्टुलावर बसणार, काम होईपर्यंत. आमटी करपली तर करपली.”

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते. म्हणूनच बसते आहे.”

मग आम्ही तिघांनी ती पुरी केली. सीट मी शिवली, आत काथ्या भरून. रंग ह्यांनी निवडला, कोवळ्या कैरीचा. पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा शरदभावजी हौद्यात उभे, मी पुढे ह्यांच्या शेजारी. मांडवीच्या उतारावरून ती अशी डुलत उतरली की भेळवाल्याचा हात पातेल्यात तसाच राहिला. “भंगाराचा धंदा” म्हणणाऱ्यांची पोरं मागून धावत होती. मी ह्यांच्या हाताकडे बघत होते. नखांत पुन्हा काळं साचलेलं. इतके देखणे हात मी लग्नातसुद्धा बघितले नव्हते.

हाक कुणी मारली, मला माहीत नाही. आवाज माझा, तोंडही माझंच, पण मारणारी मी होते असं मला म्हणवत नाही. जाणकार वाचकांपैकी कुणाला उलगडा झाला तर जरूर कळवा. मी वाचीन, आणि बहुधा म्हणेन की तुमचं पोट बिघडलं असेल.

गाडी अजून आहे. ह्यांना आता वाकवत नाही, तरी रोज जाऊन फडकं फिरवतात, काहीतरी खुडबुड करतात. आणि मध्येच कधी हातातलं टाकून आत येतात, दारात उभे राहून विचारतात, “हाक मारलीस?”

मी मारलेली नसते.

“हो,” म्हणते मी, “बसा जरा.” आणि चहाचं आधण ठेवते.