गाण्यांच्या मधातला भूगोल

टाळेबंदी लागली आणि आमच्या भूगोल विभागाचा कारभार हवेत चालू लागला. हवेत म्हणजे रेंजमध्ये. वरून आदेश आला की एकही तास बुडता कामा नये, सगळं शिकवणं ऑनलाइन करा. आदेश काढणाऱ्याच्या खोलीत रेंज भरपूर असावी. आमच्या आलापल्लीत ती सागाच्या झाडांत कुठेतरी अडकून पडायची.

विभागात माणसं दोनच, विभागप्रमुख सर आणि मी. सर शिस्तीचे. इस्त्रीचा शर्ट घालून ते रिकाम्या वर्गात उभे राहायचे, डस्टरला टेकवून मोबाइल ठेवायचे आणि हजेरी घ्यायचे. पडद्यावर सर, सरांना सोबत म्हणून बसवलेली मी आणि चंद्रपूरचा एक विद्यार्थी. त्या विद्यार्थ्याच्या घरचा छताचा पंखा तेवढा दिसायचा. सर एकेक नाव पुकारून थांबायचे. कुणीच बोललं नाही की पंख्याकडे रागाने बघायचे. मला हसू आवरत नसे, म्हणून मी कॅमेरा बंद ठेवायची आणि रेंज नाही असं सांगायची. ते कुणालाही पटत असे.

पण एका मुलीच्या आठवणीने मात्र हसू जायचं. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, भामरागडच्याही पलीकडच्या गावातली. वसतिगृह रिकामं करायला लावलं त्या दिवशी पेटी उचलून ती माझ्याकडे आली होती. ‘‘मॅडम, याखेपी नाई झालं तं घरचे मले पुन्हा नाई पाठवनार जी.’’ एवढंच बोलली आणि गेली. तिच्या गावात शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेली ती पहिली. तिच्या गावी फोन लागत नव्हता. तिला अभ्यास पोचवायचा तरी कसा, हे काही मला सुचत नव्हतं.

सुचलं ते मोबाइलच्या दुकानात. आमच्याकडे मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं असतात. कार्ड द्यायचं, आवड सांगायची, दुकानदार शे-दोनशे गाणी भरून देतो. बसस्टँडजवळचे चाचा या कामात मुरलेले. मी म्हटलं, ‘‘चाचा, गाण्यांऐवजी आमचे तास भरून द्याल का?’’

‘‘देतो ना मॅडम. पन निरा अभ्यास नोका भरू. घरचे पहिल्याच दिवशी पुसून टाकतीन अन् गाने भरतीन. मी गान्याच्या मधामधात बसवून देतो. मंग कोनी हात नाई लावत.’’

सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. नाचाच्या गाण्यांत लोकसंख्येचं प्रकरण? विद्यापीठाला कळलं तर? मी म्हटलं, पंख्याला शिकवण्यापेक्षा बरं. सर दोन दिवस कुरकुरले आणि मग रेकॉर्डिंगला बसले.

सरांनी ते रिकाम्या वर्गात केलं. मी घरी केलं, आणि घरात शांत जागा नव्हती. समोरच्या खोलीत सासऱ्यांचा टीव्ही, आतल्या खोलीत नवऱ्याचं ऑफिस. उरलं स्वयंपाकघर. तिथे ओट्याशी उभी राहून मी ‘नदीचे कार्य’ शिकवलं. झीज, मग वहन, मधूनमधून कुकरच्या शिट्ट्या. निक्षेपणाच्या तोंडाशी आले आणि नवरा पाणी प्यायला आला. माझा तास तिथेच संपला. उरलेलं पुढच्या कार्डात देऊ असं ठरवलं, कारण भामरागडकडे किराणा नेणारी पिकअप निघायच्या बेतात होती. चाचांनी कार्ड रिकाम्या काडेपेटीत घालून ड्रायव्हरच्या हातात दिलं.

पुढचं कार्ड गेलंच नाही. पाऊस लागला, पर्लकोटा नदीला पूर आला, रस्ता बंद झाला आणि उरलेला तास रेकॉर्ड करणंही माझ्याकडून राहून गेलं. रोवणीच्या दिवसांत पाणी जरा ओसरलं तेव्हा पिकअपवाला तिकडे जाऊन आला आणि पोट धरून हसत चाचांच्या दुकानात शिरला. मी तिथेच होते. त्या मुलीच्या गावाला बांधावरच्या झाडाला मोबाइल टांगून बाया धान रोवत होत्या, म्हणाला. गाणं संपलं आणि एकदम आवाज आला, ‘मागच्या बाकावरचे, उभे राहा!’ वाकलेल्या साऱ्या बाया ताठ उभ्या. मग एकमेकींकडे पाहून अशा हसल्या की काहीजणी चिखलातच बसल्या. सरांनी सवयीने रिकाम्या वर्गालाही दम भरला होता, आणि चाचांनी तो जसाच्या तसा पोचवला होता. आता रोज त्या ओळीला सगळ्या मुद्दाम उभ्या राहतात, असंही पिकअपवाल्याने सांगितलं. हे मी सरांना सांगितलं नाही. फार जड गेलं, पण सांगितलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास तोंडी परीक्षा ठरली. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांनी कॉलेजात यावं, न येणारा गैरहजर. गैरहजर म्हणजे नापास. पिकअपवाल्याकरवी तिला निरोप धाडला होता. परीक्षेच्या दिवशी व्हरांड्यात लांब लांब खुर्च्या मांडल्या. सगळे आले, ती नाही. दुपार झाली. सरांनी पेन काढलं.

मी वेळ काढायला लागले. सरांना चहा दिला. तो संपल्यावर पुन्हा दिला. परीक्षा देऊन झालेल्या एका मुलाला परत बोलावून मोसमी वाऱ्यांबद्दल विचारलं. तो बिचारा काय चुकलं या काळजीने रडकुंडीला आला. सर मला ओळखून होते. ‘‘मॅडम, आता पुरे,’’ म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात फाटकात ट्रॅक्टर थांबला. ती उतरली, तिची आई उतरली, मागोमाग गावच्या पाच-सहा बाया. मुलीचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. बाया फाटकाजवळच्या झाडाखाली बसल्या, ती सरळ खुर्चीत.

‘‘उशीर काऊन झाला?’’ मी विचारलं. सरांनी हात वर करून मला गप्प केलं. ‘‘नदीचे कार्य सांगा,’’ ते तिला म्हणाले.

तिने सुरुवात केली आणि मला घाम फुटला. ती शब्दन् शब्द माझं बोलत होती. मी जिथे श्वास घेतला होता तिथे श्वास घेत होती. जिथे शिट्टी झाली होती तिथे क्षणभर थांबत होती. झीज झाली, वहन झालं. ‘‘आणि नदीचा वेग कमी झाला की ती...’’ इथे ती थांबली.

‘‘ती काय?’’ सरांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. ‘‘पुढं मॅडम म्हनल्या, अहो, गॅस बंद करा, भाजी लागली.’’

व्हरांड्यातली मुलं फिस्सकन हसली. सर ताडकन वळले आणि ओरडले, ‘‘मागच्या बाकावरचे, उभे राहा!’’

झाडाखालच्या साऱ्या बाया उभ्या राहिल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं, सरांकडे बोट दाखवलं आणि हाच तो, अशा अर्थाचं काहीतरी माडिया भाषेत म्हणाली. मग सगळ्या तोंडाला पदर लावून लाल होईपर्यंत हसल्या. सर त्यांच्याकडे बघत राहिले. इतके महिने पंख्याशी बोललेला तो माणूस होता. आपला तास कुणीतरी ऐकला, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

‘‘भाजी राहू द्या,’’ ते मुलीला म्हणाले. आवाज बराच खाली आला होता. ‘‘वेग कमी झाला की नदी काय करते?’’

मुलीने खाली पाहिलं, स्वतःच्या पायांकडे, आणि तिचा चेहरा उजळला. ‘‘गाळ टाकून देते जी. पूर उतरला तं रस्त्यातल्या रपट्यावर टाकून गेली. त्याच्यातच ट्रॅक्टर फसला, मनून उशीर झाला. हा तोच हाय, सर.’’

सरांनी वाकून तिच्या पायांकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि गुण लिहिले. किती ते मला दाखवलं नाही, पण ‘‘बसा, पाणी प्या,’’ असं म्हणाले. सरांनी विद्यार्थ्याला पाणी विचारलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

निघताना तिची आई माझ्यासमोर आली. कमरेला खोचलेली काडेपेटी काढून तिने माझ्या तळहातावर ठेवली आणि माडियात बरंच बोलली. मुलगी लाजून खाली बघत होती.

‘‘काय म्हणते आई?’’

‘‘आई मनते, हे सारं आयकून झालं. आता पुढच्या वर्गाचं भरून द्या.’’ तिने हसू दाबलं. ‘‘अन् मनते, भाजीचं काय झालं तेबी त्याच्यात सांगजा.’’